नकाशातला लव्हाळा

ताई : कोयता खाली ठेवणार नाही! आधी सांग, तो तुझा लव्हाळा आहे कुठे?

धाकटा : नकाशात छापलाय की, ताई. उत्तरेच्या तळ्यावर.

ताई : त्याच तळ्यावर माझ्या नवऱ्याला पंपघरात डांबलंय! रखवालदार ना हे तिथले. ती माणसं म्हणतात, ‘दाखव’. हे म्हणतात, ‘इथे नाही’. दर नकाराला एक बोट मोडतायत. चार झाली.

धाकटा : कोण? रस्त्याच्या ठेकेदाराची माणसं?

ताई : मग काय माझ्या माहेरची? तुझ्या गवतापायी कोर्टानं रस्ता अडवला. गवतच संपलं की रस्ता मोकळा! पोलिसांत गेलो तर यांना तळ्यात बुडवू म्हणालेत.

धाकटा : ताई... तिथे नाहीच तो. दुर्मिळ रोपाची खरी जागा आम्ही छापत नाही, चोर उपटून नेतात. ठिपका जरा सरकवून देतो.

ताई : आणि नेमका तिथेच सरकवलास?

धाकटा : म्हटलं, भावोजी आहेत, कुणाला आत फिरकू देणार नाहीत.

ताई : मेल्या! ठिपक्याची राखण माझ्या नवऱ्याकडून करवून घेतलीस? जागा बोल!

धाकटा : जगात तेवढीच उरलीय गं. जेमतेम दोनशे काड्या...

(ती टेबलावरचे वाळवलेल्या रोपांचे कागद कोयत्याने सपासप तोडते, मग ठेकेदाराच्या मुकादमाला फोन लावून तो धाकट्यापुढे धरते.)

ताई : पुढचा घाव तुझ्या हातावर. बोल त्यांच्याशी.

मुकादम : बोला साहेब. पाचवं बोट धरलंच होतं.

धाकटा : थांबा! नदीचा दक्षिण काठ. जुन्या पुलाखाली, सावलीत.

मुकादम : तिथे गवत रग्गड. ओळखायचं कसं?

धाकटा : गुडघ्याएवढं. काडी तिकोनी, चिमटीत फिरवली की कडा बोटाला लागतात. शेंड्याला तांबूस तुरे. आणि बुडाशी... बुडाशी जांभळं.

मुकादम : नुसतं कापलं तर चालेल?

ताई : सांग ना!

धाकटा : नाही. गड्डा राहिला तर पुन्हा फुटतो. खणून काढा.

मुकादम : माणसं पाठवतो. सापडलं की पाहुणे मोकळे.

ताई : त्यांना द्या फोन. अहो! ऐकताय ना?

नवरा : मी खोटं बोलत नव्हतो, हे... पटलं का गं यांना?

ताई : पटलं हो.

नवरा : पहिल्यापासून तेच सांगत होतो.