कोंडीतली माफी

वॉल्ट : उद्या बास्केटबॉलची विभागीय सेमीफायनल, आणि तू आज प्रेस, आपला अख्ख्या कोर्टावर घेरायचा डावच, काढून टाकतेस?

रोझ : मंगळवारच्या मॅचमध्ये त्या प्रेसची चाळणी झाली, वॉल्ट. तुम्ही बेंचवर माझ्या शेजारीच होतात. आपल्या दोन पोरी जाऊन कोपऱ्यात त्यांच्या चेंडूवालीला घेरायच्या, आणि चेंडू दोघींच्या मधूनच निघून जायचा.

वॉल्ट : जिंकलो ना पण.

रोझ : एका गुणाने. उद्याच्या पोरी फार तयार आहेत. अख्ख्या कोर्टावर त्यांच्या मागे धावण्यापेक्षा गुपचूप आपल्या बास्केटखाली उभं राहू.

वॉल्ट : तिथे उभं राहायला पाच जणी पुरतात. प्रेसला दहा लागतात, थोड्या थोड्या वेळाने ताजे पाय. उरलेल्या पाच जणींना काय सांगशील? ऑक्टोबरपासून उलट्या होईस्तोवर पळवलंयस त्यांना.

रोझ : तेच गिळवत नाहीये मला.

वॉल्ट : ती टेस. पहाटे धारा काढून शाळेत येते. दोन-दोन मिनिटं कोर्टावर मिळावीत म्हणून अख्खा हिवाळा पळाली.

रोझ : माहितीय मला! माझ्याच टीमची माणसं मलाच नका मोजून दाखवू.

वॉल्ट : बरं बाई. मग जाताजाता एक कर. मला त्या कोपऱ्यात उभं कर, चेंडू दे, आणि घेर. कुठून गळतंय ते बघू. ब्रिन! ते चेंडू गोळा करायचे राहू देत, इकडे ये पोरी.

ब्रिन : आले, कोच वॉल्ट. माझं काही चुकलं का?

रोझ : अजून तरी नाही. हे बघ, हे म्हणजे मंगळवारच्या समोरच्या टीमची ती अकरा नंबर.

ब्रिन : हे?

वॉल्ट : वेणी घालायला वेळ नाही मिळाला.

रोझ : रेषा यांच्या पाठीशी. मी इकडून, तू तिकडून. गुडघ्याला गुडघा, हात वर, मधे फट नको. चल!

(वॉल्ट चेंडू घेऊन कोपऱ्यात. दोघी दोन बाजूंनी त्याच्यावर धावतात.)

ब्रिन : आले, आले... अय्या, सॉरी! लागलं का हो?

वॉल्ट : नाही गं. पण चेंडू बघ कुठे गेला.

रोझ : ब्रिन, तू मागे का सरकलीस?

ब्रिन : त्यांना धक्का लागला ना.

रोझ : लागणारच! मंगळवारीही सरकत होतीस?

ब्रिन : सगळ्याच सरकत होतो बहुतेक. ती अकरा नंबर खूप चांगली होती, कोच. दर वेळी म्हणायची, "असू दे, असू दे."

वॉल्ट : आणि पुढे?

ब्रिन : पुढे... आमच्या मधून चेंडू तिच्या टीमच्या पोरीला देऊन टाकायची.

रोझ : अरे देवा.

ब्रिन : आई स्टँडमध्ये असते, कोच. अर्धं चर्च तिथेच असतं. कुणाला धक्का देऊन गप्प राहिले तर जेवताना ऐकावं लागतं.

वॉल्ट : इंडियानातल्या पोरी या, रोझ. माफी मागतच जन्माला येतात.

रोझ : तुझ्या आईशी मी बोलेन. आता नीट बघ, ब्रिन. वॉल्ट, घ्या चेंडू. असं जायचं. छाती पुढे, पाय रुतवून, आणि अस्सं... अगं बाई! सॉरी, वॉल्ट. बरगडीला लागलं?

ब्रिन : कोच.

रोझ : थांब गं. खरंच लागलं का?

ब्रिन : कोच, तुम्ही सरकलात.

रोझ : मी?

ब्रिन : अख्खं पाऊल. सरावात दाखवतानाही सरकता. आम्हाला वाटलं, तसंच करायचं असतं.

रोझ : तुम्ही हसताय, वॉल्ट.

वॉल्ट : नाही हसायचं म्हणतोय, जमत नाहीये.

रोझ : घेरायला मला तुम्हीच शिकवलंत. मी यांच्याएवढी होते. तेव्हा का नाही सांगितलंत?

वॉल्ट : मी तुझे हात बघायचो. काय हात होते! पायांकडे बघायचं सुचलंच नाही. आणि मी तरी कुठला वेगळा? परवा दुकानात खुर्चीला अडखळलो, तिलाही सॉरी म्हणालो.

रोझ : मग आजपासून कोर्टावर हा शब्द बंद.

ब्रिन : नाही जमायचं, कोच. शिंकेसारखा येतो तो.

रोझ : जमवायचं!

वॉल्ट : अगं, शब्द येऊ दे की. फट काय शब्दाने पडते?

ब्रिन : म्हणजे... म्हणायचं, पण हलायचं नाही?

रोझ : परत. वॉल्ट, चेंडू.

ब्रिन : सॉरी, कोच वॉल्ट.

रोझ : पाय तिथेच! सॉरी, वॉल्ट.

ब्रिन : अगदी मनापासून सॉरी हां.

वॉल्ट : अरेच्चा, मला पलीकडचं काही दिसेना! जरा हात तरी खाली... थांबा, थांबा...

ब्रिन : घेतला! कोच, चेंडू घेतला मी! सॉरी!

रोझ : पुन्हा एकदा.

वॉल्ट : या बरगड्या सत्तरी ओलांडलेल्या आहेत, रोझ.

रोझ : मग बसा तिथे. ब्रिन, आत जा आणि सगळ्यांना सांग, बूट काढले असतील तर परत घाला. दहाही जणींनी.

ब्रिन : टेसचे बाबा गाडी घेऊन आलेत. धारांची वेळ झालीय.

रोझ : त्यांना आत बोलाव. दहा मिनिटं घेईन म्हणावं, आणि कोपऱ्यात उभं राहायला मला माणूस हवाय.

वॉल्ट : आणि उद्या?

रोझ : उद्या पहिल्या चेंडूपासून प्रेस.

ब्रिन : कोच, पण उद्या कुणाला खरंच जोरात धक्का लागला तर?

रोझ : तर माफी मागायची, ब्रिन. आणि तिथेच उभं राहायचं.