रिकामी पायरी

तू मानणार नाहीस, पण ऐक. विजय नगरला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, अगदी खालच्या पायरीवर एक बेघर म्हातारा झोपायचा. आम्ही सगळे त्याला ओलांडून जायचो. बिचारा कोणाचं काय घेत होता? पण वरच्या मजल्यावरच्या रामटेके काकांनी पोलिसांच्या हेल्पलाइनवर तक्रार ठोकलीच. अन् म्हातारा दिसेनासा झाला.

मग एके दिवशी भर दुपारी हवालदार वर काकांकडे आला. "अंकलजी, शिकायत बंद करवा दो. बोल दो, संतुष्ट हैं."

काकांनी विचारलं, त्याला नेलं कुठं?

"हमने? हम तो आज पहली बार आए हैं."

काकांनी गुपचूप हेल्पलाइनला फोन लावून 'संतुष्ट' सांगून टाकलं.

हवालदार उतरला. खालच्या रिकाम्या पायरीशी थबकला, अन् पाय उंच उचलून ती अलगद ओलांडून गेला, अगदी आमच्यासारखा.