राग येते का म्हने

लाखांदूरच्या एसटीत कीर्ती तोंडाला स्कार्फ बांधून बसली होती. राग मोजायची तिची प्रश्नावली भरवशाची आहे का, हे पाहायला तिनं एकाच गावात तेच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा विचारले होते. दोन्ही वेळची उत्तरं तंतोतंत जुळली, म्हणून स्वारी खुशीत होती. तेवढ्यात त्याच गावच्या कौशल्याबाई आणि पुष्पाबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

“राग येते का म्हने,” कौशल्याबाई सांगत होत्या. “मी म्हणलं, कधीच नाही.”

“तुले? काहून व?”

“सून बाजूले बसली होती ना!”

“अन् दुसऱ्या खेपेले?”

“सून माहेरी गेली होती. पण पोरगी म्हने, उत्तर बदलते का पाहाचं हाय. बदललं अन् बिचारी नापास झाली तं? मंग तेच म्हणलं, कधीच नाही.”

“मी तं दोन्ही खेपेले सांगतलं, कौशल्याबाईचं जे हाय तेच माह्यं लिही.”

“काहून? तुले राग नाही येत?”

“रोज येते! त्या पोरीचा तं लयच आला. ऐन धानाच्या रोवण्यात चिखलातून वर बलावलं मले.”

कौशल्याबाई मागे वळल्या. “बाई, आमच्या बोलण्याचा राग तं नाही आला तुले?”

स्कार्फच्या आतून कीर्ती म्हणाली, “कधीच नाही, मावशी.”