एक अक्षर कमी

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर चष्म्याचं दुकान चालवणारं एक जोडपं बसलं होतं.

"वेबसाइटला हे दुसरं नाव कशाला घेतलंत?"

"घेतलं नाही गं, घेतलं गेलं. जुन्याची मुदत वाढवायला गेलो आणि टाइप करताना एक अक्षर राहिलं."

"चष्मा कुठे होता?"

"कपाळावर."

"धन्य आहे तुमची!"

"आता त्यावर वेगळी साइट काढू. फक्त गॉगलची."

"एक साइट सांभाळतानाच नाकी नऊ आलेत."

"मग सोडून देऊ?"

"मुळीच नाही. ते नाव टाकलं तरी आपलीच साइट उघडेल, असं करून घ्या."

"पण इतकं चुकीचं टाइप करणार कोण?"

"तुमच्यासारखे! अहो, ज्यांना धड दिसतंय, ते आपल्या दुकानात कशाला येतील?"