तांदळाच्या डब्यातलं गाणं

यार, त्या दिवशी मी थोडक्यात वाचलो. ताईला न विचारता तिचा लॅपटॉप अपग्रेड केला आणि आवाजच गायब. अर्ध्या तासात तिचा नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू.

"आवाज नाही आला ना, तर बाबा ड्युटीवरून आले की तुझं काही खरं नाही," ताई म्हणाली.

रीस्टार्ट मारला, ड्रायव्हर परत टाकला, गाणं लावून बघितलं. कुछ नहीं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अरे, तांदळाच्या डब्यात कोण गातंय?"

आईला घाबरवायला सकाळी मीच ताईचा ब्लूटूथ स्पीकर चालू करून तिथे लपवला होता. अपग्रेडनंतर लॅपटॉप त्यालाच जाऊन चिकटलेला. सेटिंग बदललं, आवाज परत.

ताईचा इंटरव्ह्यू मस्त झाला, मी सुटलो. आई मात्र अजून डबा ठोकूनच तांदूळ काढते.