पेटीतलं पाणी

नाही हो, पेटी वाईट आहे असं मी फोनवर म्हटलंच नाही — तुमच्या दुकानातल्या त्या बाईंनी तसं लिहून घेतलं असेल. सिगार ठेवायची म्हणून पेटी सुरेखच आहे. मी एवढंच म्हटलं की पाणी जातंय, कुठून जातंय ते कुणीतरी येऊन बघा. आणि ते दार आधी नीट लावा बरं — नुसतं लोटू नका, वरची कडी घाला. जिन्यातून वारा येतो, मग उगीच शंका राहते. हं. बसा. आडनाव काय म्हणालात? शिर्के? म्हणजे मराठीच की! राहता नागरवाड्यात? बरं झालं बाई, मला वाटलं सगळं गुजरातीत समजवावं लागणार — येतं मला, निम्मं आयुष्य या मांजलपुरात गेलं, पण असल्या गोष्टी आपल्या भाषेत बोललेल्या बऱ्या. असल्या म्हणजे, तांत्रिक. पाणी घेता? नको? बरं, मागाहून सांगा.

हे पाहा, मी शाळेत विज्ञान शिकवायची, तेव्हा 'काकी, थोडं पाणी तर कमी होणारच' असं मला सांगू नका, बाष्पीभवन मी सातवीच्या पोरांकडून घोकून घेतलंय. पेटीबरोबर आलेल्या तुमच्या कागदात लिहिलंय तसं सगळं केलं. आधी पेटीतला तो आर्द्रतेचा काटा खरं बोलतो का ते पाहिलं — बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर दोन थेंब पाणी, काट्यासकट पिशवीत बंद करून ठेवलं — पंचाहत्तर यायला हवं, बरोबर पंचाहत्तर आलं. म्हणजे काटा खोटारडा नाही. मग खोकल्याच्या औषधाचं माप असतं ना, त्यात डिस्टिल्ड पाणी भरलं, पेटीत ठेवलं, झाकण लावलं. सुरुवातीला पाणी गेलं ते मी धरतच नाही. नवं लाकूड, तहानलेलं, ते पिणारच. पण त्याची तहान भागली कधीच! काटा सत्तरवर जाऊन बसला तो बसला — दिवाळीत सत्तर, संक्रांतीला सत्तर. आणि तरी रोज सकाळी बघावं तर मापात चमचाभर कमी. आता लाकूड पीत नाही तर पाणी जातं कुठं? फटीतूनच जाणार ना? असेल कुठेतरी बारीकशी, तुम्ही शोधा.

सिगार? सिगार नाहीत आत. मी कशाला ओढू, काहीतरीच! हे ओढायचे. रविवारी एक, बाल्कनीत बसून. यांच्या प्लांटवर कोणी परदेशी इंजिनिअर आला होता, तो जाताना ही सवय ठेवून गेला. आणि ठेवायचे कशात, तर माझ्या स्टीलच्या डब्यात, बटाट्याची चकती घालून! ओलावा राहतो म्हणे. राहतोय कसला, आपल्या बडोद्याचा मे महिना — सिगार नुसती खाकऱ्यासारखी मोडायची, आणि पावसाळ्यात तिला बुरशी. मी बोलायची, हे ऐकून घ्यायचे आणि पुन्हा बटाटा कापायचे. मला न सांगता ही पेटी मागवली. पण आली तेव्हा — गणपती गेले आणि पाठोपाठ हे गेले हो. दुपारी जेवले, आडवे झाले, मी चहाला उठवायला गेले तर अंग गार. पेटी आली ती तेरावं झाल्यावर. कुरिअरवाला दारात उभा, 'माजी, साहेबना फोन पर ओटीपी आव्यो हशे' — आणि आला होता ना ओटीपी, यांच्या फोनवर. फोन मी चार्जिंगला लावते अजून. उगीच आपला.

काय करताय? कागदाची पट्टी झाकणात धरून ओढायची, होय, तेही केलंय मी. सगळीकडून ओढून बघा. अडकते? मागे, बिजागरीपाशी पाहा — तिथेही? कोपऱ्यात? मग कागद जाड असेल तुमचा. बरं, झाकण वर करून सोडा एकदा — पाहिलंत, कसं हळू येतं खाली आणि टेकताना सुस्कारा टाकतं? हवा दबते म्हणून, कळतं मला. पण रात्री ऐकू येतं कधी कधी. म्हणजे मला वाटतं तसं. वयाबरोबर कान वाजतात.

किल्ली? माझ्याजवळ, ही काय गळ्यात. घरात मी एकटीच. मुलगी पुण्याला, कौमुदी, तीच म्हणते की आई पेटी गळकी आहे, परत कर, नाहीतर माणूस बोलाव. धुण्याभांड्याला जिजाबाई येते, पण ती या खोलीत केर काढायला तयार नाही. म्हणते, साहेब येऊन पाणी पितात. मी अशी खडसावलीय तिला! म्हटलं, पुन्हा असलं काही बोललीस तर कामावर येऊ नकोस. तुम्ही फट दाखवलीत ना, की तिला हाताला धरून आणते आणि दाखवते.

टॉर्च आत ठेवणार? थांबा, पडदे ओढते, मिट्ट अंधार हवा त्याला. दिवा घालवा. हं... दिसतोय उजेड? मला नाही दिसत, पण माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तुम्ही बघा नीट. सावकाश बघा, घाई नाही. — तुमच्या घरी कुणाचं कार्य झालंय का हो अलीकडे? वडिलांचं? कावळा शिवला का? नाही, सहज विचारलं. आमच्याकडे नाही शिवला. दहाव्याला पिंड ठेवला, समोर झाडभर कावळे, एक उतरलासुद्धा, पिंडाभोवती फिरला, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि उडाला. मग सुरू झालं एकेकाचं — कौमुदी म्हणाली, बाबा, आईला एकटं ठेवणार नाही. दीर म्हणाले, दादा, तुझी स्कूटर विकणार नाही. मी म्हटलं, वेळेवर जेवीन, गोळ्या घेईन, रडणार नाही, जाताना बोलला नाहीत म्हणून रागावणारसुद्धा नाही. काय काय म्हटलं! ऊन डोक्यावर आलं. भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भ घेतला, वळला, कावळा केला आणि टेकवला पिंडाला. झालं! सगळ्यांनी हात जोडले, गाड्या काढल्या, घरी येऊन जेवलो. मीही जेवले. पण गवताच्या कावळ्याने कुणाचं पोट भरतं का हो? मी विज्ञानाची बाई, मी हे असलं मानत नाही, चाळीस वर्षं मानलं नाही. पण तो कावळा माझ्याकडे बघून उडाला, ते कुठे ठेवू? आणि मग ही पेटी आली. म्हटलं, यात अडकला असेल जीव, एवढ्याशा लाकडात. म्हणून पाणी भरलं. चाचणी म्हणूनच भरलं, कागदात लिहिलं होतं म्हणून. आणि सकाळी पाहिलं तर घोटभर कमी.

चमचाभर म्हणाले होते ना मघाशी? चमचाभर म्हणजे घोटभरच.

नाही दिसत उजेड? कुठूनच नाही? सांध्यातून, कुलपाच्या भोकातून? लावा, लावा दिवा. म्हणजे तुमचं म्हणणं, फट नाही. पेटी घट्ट आहे. अहो, असं कसं म्हणता, बोलावलं कशाला होतं तुम्हाला? नाही, चिडत नाही मी तुमच्यावर. भीती वाटते मला, शिर्के, खरंच सांगते. रोज सकाळी किल्ली फिरवताना पाणी कमी असेल म्हणून भीती, आणि एखाद्या दिवशी काठोकाठ तसंच असेल, म्हणून त्याहून जास्त. तसं झालं तर काय करू मी?

पेटी दुकानात नेता? आठ दिवस तिथे भरून ठेवायची. तिथेही पाणी गेलं तर दोष पेटीचा, आणि नाही गेलं तर... नाही गेलं तर काय, बोला ना. बरोबर आहे तुमचं. चाचणी म्हणून अगदी बरोबर आहे, मीच पोरांना सांगितलं असतं, जागा बदलून पाहा रे. पण नको. अहो, दुकानाचा पत्ता माहीत नाही यांना. फोनवरून मागवली होती पेटी. पाहिलंय कुठे तुमचं दुकान? आणि त्यांना एकट्याने नवीन ठिकाणी जायला कधी आवडलं नाही, साधं डॉक्टरकडे जायचं तरी मी सोबत लागायची. ठेवा ती खाली. ठेवा म्हणते ना!

हं. आता असं करा, तुमच्या फोनमध्ये काय ते भरायचं असेल त्यात लिहा, फट होती, बुजवली. 'दोष नाही' असं लिहू नका, ते कौमुदीच्या फोनवरही जातं, ती वाचेल आणि मिळेल त्या गाडीने येईल, आणि मग पेटीही जाईल आणि मीही पुण्याला जाईन. तिला वाटू दे गळत होती. जिजाबाईलाही मी तेच सांगणार आहे. लिहिलंत? थँक्यू हं. दिवेलागण झाली, निघा तुम्ही, मला माप भरायचंय. चपला तिथे डावीकडे आहेत. दार? हो, ओढून घ्या — नको, कडी नको लावायला. थांबा, ओढूही नका. नुसतं लोटून ठेवा.