टीव्हीतल्या अंगठीचा कस

हसा! तुम्ही बी हसा! अख्खा इतवारीचा सराफ बाजार हसून राहिला, तुम्हीच काहून मागं राहता? पण तुम्हाले सांगतो, अंगठी खोटी निघाली त्याची लाज नाही हो... ती खरी हाय म्हणून छाती ठोकून सांगितलं कोणं? मी! तीन पिढ्यांचा सोनार! आता सोनाराच्या पोरानं अंगठी ओळखायची नाही तं कोणं ओळखायची?

झालं काय, दिवाळीले महाल मोहल्ल्यात सासरी गेलो. साळा मनोहर बंबईहून कॉम्प्युटर घेऊन आलेला. टीव्हीले जोडला अन् म्हणते, "भाऊजी, खेळा! तुम्ही राजा, गुहेत राक्षस हाय, त्याले मारा!" म्हटलं, राहू दे बाप्पा, मी चिवडा खातो. पण सासरे गणपतराव समोर बसलेले, अन् त्याईच्या मांडीवर लाल फडक्यातली पोटली! साळीच्या लग्नाचं सोनं हो! जेवण झालं का माह्याच हातात देणार होते, दागिने घडवाले. अशा टायमाले जावयानं नाही म्हणावं का?

गुहेत भेटला एक बुढा. त्याच्यापाशी दोन अंगठ्या. एक काळी, लोखंडाची. दुसरी पिवळीधम्मक, लाल खड्याची! टीव्हीवर इंग्रजीत लिहून येते, मनोहर वाचून सांगते. म्हटलं, पिवळी घे. तो म्हणते, "भाऊजी, जरा पाहून..." तसे सासरे कडाडले, "चूप बे! सोनार तू हाय का जावईबापू?" अन् मले असं चढलं, असं चढलं... म्हटलं, मनोहर, सोनाराच्या पोरानं अंगठी ओळखायची नाही तं कोणं ओळखायची?

घातली! अन् काय सांगू, मी तलवार मारली का माही ताकद वाढे... चाळीस, साठ, नव्वद! सासरे टाळ्या वाजवून राहिले, माही बायको गोपिका दारातून कौतुकानं पाहून राहिली, पण राक्षस मरेच ना! उलटा फुगत चालला! मनोहर हळूच म्हणते, "भाऊजी... तो आकडा खोटा हाय. अंगठी फसवी हाय. तुमची सारी ताकद त्याले जाऊन राहिली." म्हटलं, काढ मंग! तं म्हणते, "एकदा घातली का निघत नाही." अबे, पहिले नाही सांगाचं? "बाबा चूप म्हणले नं..."

राक्षसानं एकच झापड मारली. खेळ खतम. टीव्ही काळा, अन् त्या काळ्या काचेत माह्यं तोंड!

जावयाले कोण बोलते? सासऱ्यानं फक्त मांडीवरची पोटली उचलली अन् पाठीमागं सरकवली. "काही घाई नाही, जावईबापू. लग्न उन्हाळ्यात हाय." मेल्यावानी झालं हो!

अन् गोपिका? लग्नात मी माह्या हातानं घडवलेली अंगठी तिनं डब्यात जपून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी काढली अन् गेली समोरच्या सोनाराकडं... समोरच्या!... अन् कस लावून आली. "खरी निघाली जी!" असं खुशीत सांगते, जसा मलेच डाऊट होता! आता सोनाराच्या बायकोनं... जाऊ द्या. म्हटलं, बरं झालं माय, घाल आता बोटात.

तं म्हणते कशी, "घालतो जी... पण निघते का नाही, ते पहिले पाहून घेतो."